डोंगरी सायकलची निवड : एक अभ्यास

आमच्या घरातील पहिली सायकल आजोबांची, दुसरी बाबांची आणि तिसरी माझी. पहिल्या दोन मिळून साठ वर्षे चालल्या. बाबांची अजूनही चालते. तिसरी मात्र पाच महिन्यांत मोडली. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या सायकलमुळे लिहिला जात आहे.

वार्षिकांकात कविता असतात, सहलीचे वर्णन असते, 'साहित्य आणि समाज' अशा नावाचा एखादा लेख असतो. सायकलवर अभ्यासलेख कोण वाचणार, असे मलाही वाटले होते. परंतु आमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर सकाळी पावणेआठला उभे राहून पाहावे. खेड्यांतून येणारी निम्मी मुले-मुली तिथे दिसतील, आणि त्यांतील प्रत्येकाला सायकलबद्दल एक तरी तक्रार असेल. तेव्हा विषय आपलाच आहे असे समजून मी धीर केला.

माझे गाव सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या बाजूला. गावापासून महाविद्यालय अकरा किलोमीटर. त्यातले पहिले चार पांदणीचे. पांदण म्हणजे काय हे इथल्या वाचकांना सांगायला नको. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात आणि पावसाळ्यात तीच काळी माती पायाला अशी धरते की चप्पल मागे राहते. मध्ये एक नाला, त्याला दोन्ही बाजूंनी चढ. पुढे थोडा मुरूम-गिट्टीचा तुकडा आणि मग डांबरी सडक. सकाळची एस. टी. दहाला येते आणि आमचा पहिला तास आठला असतो. म्हणून सायकल ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही. घरात बारावीपुढे गेलेली मी पहिलीच. सायकल बंद पडली की शिक्षण बंद पडायला फार दिवस लागत नाहीत, हे मी गतवर्षी पाहिले.

बी. ए. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा आईने दोन शेळ्या विकल्या आणि त्या पैशांत बाबांनी मला शहरातील दुकानातून 'गिअरची सायकल' आणून दिली. किंमत ११,५०० रुपये. दोन्ही बाजूंना शॉकअप, २१ गिअर, जाड टायर, वर पिवळ्या ज्वाळांचे स्टिकर. गावातली पोरे पंधरा दिवस मागे फिरत होती. नोव्हेंबरमध्ये, अंतर्गत परीक्षेच्या दिवशीच, नाल्याच्या उतारावर मागच्या शॉकअपजवळचा फ्रेमचा जोड तुटला. हनुवटीला तीन टाके पडले आणि पेपर बुडाला. दुकानदार म्हणाला, सायकल शेतरस्त्यावर चालवली, त्यामुळे वॉरंटी लागू नाही. 'माउंटन बाइक' असे नाव फ्रेमवर ठळक लिहिलेली सायकल शेतरस्त्यावर चालवायची नाही, तर कुठे चालवायची, हा प्रश्न मी विचारला नाही. तेवढी हिंमत तेव्हा नव्हती. बाबा तर काहीच बोलले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

पुढचे तीन महिने मी बाबांच्या सायकलवर आले. ती २८ इंची, आडव्या दांडीची. माझी उंची पाच फूट. आडव्या दांडीवरून पाय टाकताना रोज कसरत होई आणि हजेरीचा आकडा खाली येत होता. दुसरी सायकल घ्यावीच लागणार हे उघड होते, पण विकायला आता शेळ्या नव्हत्या. तेव्हा ठरवले की यावेळी पैसे देण्यापूर्वी अभ्यास करायचा.

पहिला पाठ आमच्या फाट्यावरच्या चाचांकडे झाला. चाचा चाळीस वर्षे सायकली दुरुस्त करतात. तुटलेली फ्रेम त्यांनी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, हा शॉकअप नाही, हा दिखावा हाय. याच्यात तेल नाही, फक्त स्प्रिंग हाय. तू पैडल मारतं, तं अर्धी ताकद हे स्प्रिंग दाबण्यात जाते." नंतर त्यांनी जोडाच्या जागी हलणारी बुशिंग दाखवली. तिच्यात एवढी ढिलाई होती की बोट घातले तर मागचे चाक डावी-उजवी डुलत होते. स्वस्त सायकलला मागचा शॉकअप म्हणजे वजन अधिक आणि झिजायला जागा अधिक, हा त्यांच्या शिकवणीचा सारांश. खरा मागचा धक्काशोषक महाग असतो. ज्यांना खडकाळ उतार वेगाने उतरायचा आहे त्यांना तो हवा. अकरा किलोमीटर जाऊन आठच्या तासाला बसायचे असेल त्याला नको. पुढे धक्काशोषक आणि मागे साधी घट्ट फ्रेम असलेल्या सायकलला 'हार्डटेल' म्हणतात. माझा शोध येथून हार्डटेलपुरता मर्यादित झाला.

दुसरा पाठ मापाचा. आपल्याकडे सायकलचे माप म्हणजे चाकाचे माप, अशी समजूत आहे. २२ इंची, २४ इंची, २६ इंची. वस्तुतः चाक एकच असून फ्रेम लहान-मोठी असते, आणि चालवणाऱ्याच्या दृष्टीने फ्रेमचेच माप महत्त्वाचे. माझी मोडलेली सायकल १८ इंची फ्रेमची होती. पाच फुटांच्या मुलीला १३-१४ इंची हवी. हँडल लांब पडले की खांदे भरून येतात, हात ताठ राहतात आणि खड्ड्यात सायकल आपल्या ताब्यात राहत नाही. दुकानात मला कोणी माप विचारले नव्हते, आणि विचारायचे असते हे मलाही माहीत नव्हते. 'लेडीज घ्या' एवढाच एक पर्याय सुचवला गेला होता. त्या सायकलला पुढे जाळीची टोपली होती.

चाकाच्या बाबतीतही एक गंमत समजली. आजकाल डोंगरी सायकलला २६, साडेसत्तावीस किंवा २९ इंच अशी तीन चाके येतात. रिमवर टायर बसण्याचा व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ व ६२२ मिलिमीटर असतो. बाबांच्या सायकलच्या टायरवर '२८ × १½' लिहिले आहे आणि तिचा हा व्यास ६३५ मिलिमीटर. म्हणजे नावाने २८ असलेले चाक नावाने २९ असलेल्या चाकाहून रिमला मोठे! टायर घेताना इंच पाहू नयेत, टायरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला हा मिलिमीटरचा आकडा पाहावा. मैत्रिणींनो, हा एक आकडा पाठ असला तर दुकानातून चुकीचा टायर घेऊन परत यावे लागत नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते. माझ्या वर्गमैत्रिणीचा मावसभाऊ नागपूरला असतो. सेमिनरी हिल्सच्या बाजूला तो रोज सायकल चालवतो. त्याच्याकडे कळले की डोंगरी सायकली बनवणाऱ्या काही लहान कंपन्या अशा आहेत की त्यांचे मालक स्वतः सायकलस्वार असतात. भांडवलदार वेगळा, कारखानदार वेगळा आणि चालवणारा तिसराच, असे तिथे नसते. आपल्या महाराष्ट्रातच पुण्यात 'सायनाइड बाइक्स' ही अशी कंपनी सायकलस्वार तरुणांनी उभी केली. प्रवीण प्रभाकरन् आणि विनय मेनन ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत. तिच्या 'फ्युरान' या हार्डटेलचा सायकल चालवणाऱ्या मुलांत बराच बोलबाला झाला. पुण्याचेच, हवाई दलात काम केलेले शशिशेखर पाठक यांनी तर बांबूच्या फ्रेमच्या सायकली बनवल्या. हे ऐकून आमच्या बाबांनी धुऱ्यावरच्या बांबूकडे पाहिले आणि हसले. परदेशांत अमेरिकेतील 'ट्रान्झिशन' ही कंपनी आपण सायकलस्वारांच्या मालकीचे आहोत असे अभिमानाने सांगते.

मला प्रथम हे सारे शहरी हौसेचे वाटले. पण इतिहास पाहिला तेव्हा लक्षात आले की डोंगरी सायकल मुळात अशाच लोकांनी जन्माला घातली. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन काउंटीत काही तरुण माउंट टॅमलपायस या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून सायकली खाली सोडत. या सायकली १९३०-४० च्या सुमाराच्या, जाड टायरच्या, भंगारातून आणलेल्या. त्यांना ते 'क्लंकर' म्हणत. आपल्याकडे खटारा म्हणू. ब्रेक एकच, पॅडल उलटे दाबून मागच्या हबमध्ये लागणारा. लांब उतारावर तो इतका तापे की हबमधले ग्रीस धूर होऊन जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले, म्हणजे पुन्हा भरणे. दोन मैलांत सुमारे तेराशे फूट उतार. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. जुन्या फ्रेमी मोडत, म्हणून जो ब्रीझ या तरुणाने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमींवर 'माउंटनबाइक्स' नावाची छोटी कंपनी काढली. आज जगभर सर्व कंपन्या जो शब्द वापरतात तो त्या दोघा-तिघांच्या दुकानाचे नाव होते! १९८१ मध्ये 'स्पेशलाइज्ड' कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टम्पजम्पर' बाजारात आणली आणि कारखान्यातून निघणाऱ्या डोंगरी सायकलींचे युग सुरू झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आलाही. वीस वर्षांत भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत.

यातून मला एक गोष्ट पटली. ज्याची सायकल त्याच्याच अंगाखाली मोडते तो ती सुधारतो. नाल्याच्या उतारावर माझ्या हनुवटीला लागले, ते फ्रेम आखणाऱ्याला कधीच कळणार नाही.

परंतु अभ्यास करायचा म्हटल्यावर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लहान कंपनीबद्दल जे गोड बोलले जाते त्यातले सगळे टिकत नाही. पहिली गोष्ट, अशा बहुतेक कंपन्यांचा स्वतःचा कारखाना नसतो. आराखडा त्यांचा, पण फ्रेमचे वेल्डिंग तैवान किंवा चीनमधल्या मोठ्या कारखान्यात होते. जगातील मोठमोठ्या नावांचेही असेच. तैवानची 'जायंट' ही १९७२ साली निघालेली कंपनी कित्येक वर्षे अमेरिकेच्या 'श्विन'साठी सायकली बनवत होती. गिअर आणि ब्रेकही बहुधा जपानी 'शिमानो'चे किंवा तत्सम, म्हणजे इतरांच्या सायकलला असतात तेच. तेव्हा लहान कंपनीकडून आपण नेमके काय विकत घेतो? कोन, लांबी, माप, कोणता भाग कुठे लावायचा याची निवड, आणि काही बिघडले तर फोन उचलणारा माणूस. ही काही थोडी वस्तू नाही. पण 'हाताने घडवलेली' वगैरे कल्पना मनात असतील तर त्या काढून टाकाव्यात.

दुसरी गोष्ट आयुष्याची. गॅरी फिशरच्या नावाची कंपनी १९९३ मध्ये 'ट्रेक' या मोठ्या कंपनीने घेतली. स्केटबोर्डवरून सायकलकडे आलेल्या रॉब रॉस्कॉप यांची 'सांता क्रूझ' २०१५ मध्ये डच 'पॉन' समूहाकडे गेली. म्हणजे चालवणाऱ्यांची कंपनी चांगली चालली तर मोठी कंपनी ती गिळते आणि चांगली चालली नाही तर बंद होते. मग पाच वर्षांनी भाग कुठून आणायचे, ही बाबांची शंका अगदी रास्त होती. मी त्यांना उलट उदाहरण दिले. १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेली 'ॲटलस' ही काय लहान कंपनी होती? घरोघर तिची सायकल होती. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकलदिनी, बंद पडला. बाबा म्हणाले, "कंपनी बंद पडली, सायकल थोडीच पडली? तिचे छर्रे अजून फाट्यावर भेटते." आणि इथे माझे उदाहरण माझ्यावरच उलटले. ॲटलस गेली तरी तिचे भाग राहिले, कारण ते भाग एका कंपनीचे नव्हतेच. हीरो, हर्क्युलस, ॲटलस, सर्वांना तीच कॉटर पिन, तेच छर्रे, त्याच तारा. टिकाऊपणा कंपनीच्या आकारात कमी असतो. भाग सर्वत्र मिळतो की नाही यात तो अधिक असतो.

बाबांच्या या एका वाक्याने माझा अभ्यास मार्गी लागला, असे म्हटले तरी चालेल. कारण मग मला मगन संग्रहालयात पाहिलेले चरखे आठवले. वर्ध्याच्या मगनवाडीतले हे संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले. शाळेच्या सहलीत आम्ही ते पाहिले होते, तेव्हा लक्ष डब्याकडे अधिक होते. यावेळी पुन्हा गेले. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावे. बाईला आठ तास फार न थकता त्यावर काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. ते वीस वर्षे टिकावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचाहून अधिक होऊ नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण वस्तू विकत घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत याची इतकी नेमकी यादी मला अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडली नव्हती. चरख्याच्या जागी सायकल घातली आणि माझी प्रश्नपत्रिका तयार झाली.

नागपूरच्या त्या दादाकडे एक छोट्या कंपनीची हार्डटेल होती. त्याने ती बहिणीसाठी घेतली होती, ती शिकायला बंगळूरला गेली आणि सायकल भिंतीला टेकून राहिली. फ्रेम सर्वांत लहान मापाची, ॲल्युमिनियमची, चाके साडेसत्तावीस इंची. नवी मला या जन्मी परवडली नसती. जुनी तो १९,००० रुपयांना देत होता. मी बसले आणि पहिल्यांदाच माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले, कोपर किंचित वाकलेले राहिले. हँडलचा दांडा जुन्या सायकलपेक्षा पुढे कललेला, त्यामुळे उतारावर पुढे पडायची भीती वाटत नव्हती. मला लगेच 'हो' म्हणावेसे वाटले. पण पिवळ्या ज्वाळांच्या वेळीही असेच वाटले होते, म्हणून गप्प बसले आणि चार दिवसांसाठी सायकल गावी नेण्याची परवानगी मागितली. दादाने ती दिली, हा त्याचा मोठेपणा.

चाचांनी ती अर्धा दिवस उलटीसुलटी केली. त्यांचे निदान येथे थोडक्यात देते, कारण कोणी अशी सायकल घेणार असेल तर उपयोगी पडेल. ब्रेक तेलाचे आहेत. उत्तम, पण नळीत हवा शिरली तर तेल भरायची पिचकारी तालुक्यात कोणाकडे नाही. पुढचा धक्काशोषक हवेचा असता तर त्याला वेगळा पंप लागला असता. सुदैवाने तो स्प्रिंगचा आणि आत खरोखर तेल असलेला होता. मागच्या गिअरला धरणारी एक छोटी पट्टी असते, तिला हँगर म्हणतात. सायकल पडली की फ्रेम वाकू नये म्हणून ही पट्टी मुद्दाम मऊ ठेवलेली असते. आणि प्रत्येक फ्रेमची पट्टी वेगळी! सगळ्या सायकलीत फक्त हाच एक भाग असा, की जो त्या कंपनीशिवाय सहजासहजी मिळणार नाही. "ही पट्टी तुटली तं तुयी सायकल उभीच्या उभी," असे चाचा म्हणाले. टायर ट्यूबलेस, आत पांढरे औषध भरलेले. बाभळीचा काटा लागला तर ते भोक आपोआप बुजते. पण औषध काही महिन्यांनी सुकते आणि पुन्हा आणायला नागपूर गाठावे लागते. कॅरिअर लावायला भोके आहेत, ही चांगली गोष्ट. अशा पुष्कळ सायकलींना ती नसतात, कारण बनवणाऱ्याने पाठीवर पोते न्यायचा विचारच केलेला नसतो.

गिअरचे गणित मी स्वतः मांडले. बाबांच्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८. पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. या सायकलला पुढे एकच चक्र ३२ दातांचे आणि मागे ११ पासून ४२ दातांपर्यंत दहा. सर्वांत जड गिअरमध्ये एका फेऱ्यात सुमारे ६.४ मीटर, सर्वांत हलक्यात फक्त १.७ मीटर. नाल्याचा चढ बाबा उतरून चढतात, १.७ मीटरमध्ये तो बसून चढता येतो. मोडलेल्या सायकलचे २१ गिअर ऐकायला दुप्पट होते, पण त्यांतले कितीतरी एकमेकांसारखेच निघत. गिअर किती यापेक्षा सर्वांत हलका कोणता, हे विचारावे.

राहिला चिखल. महिना फेब्रुवारीचा, चिखल आणणार कुठून? बाबांनी यात स्वतःहून भाग घेतला. विहिरीवरची मोटर सुरू करून त्यांनी हरभरा काढलेल्या वावराचा एक पट्टा भिजवला, रात्रभर मुरू दिला आणि सकाळी म्हणाले, "चालव." अर्धे गाव धुऱ्यावर उभे. बाबांची मडगार्डवाली सायकल अठरा पावलांत थांबली. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये मातीची वीट तयार झाली होती. नवी सायकल पंचावन्न पावले गेली आणि मागच्या दोन नळ्यांमध्ये अडकली. मग चाचांनी मागचा जाड टायर काढून जुना, थोडा अरुंद टायर चढवला. नळ्या आणि टायर यांच्यात बोटभर जास्त जागा झाली. आता सायकल पट्ट्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे नव्वद पावलांच्या पुढे गेली. जाड टायर चिखलात चांगला, हा समज काळ्या मातीत खोटा ठरतो. वाळू आणि खडक पाहून ठरवलेली गोष्ट आपल्या जमिनीला तशीच्या तशी लागू होत नाही. डिस्क ब्रेकचा फायदा मात्र तिथेच दिसला. चाकाच्या कडा चिखलाने माखल्या होत्या तरी ब्रेक लागत होता. बाबांच्या सायकलचे रबरी गुटके नुसते घसरत होते.

सायकल घ्यायचे ठरले. १०,००० रुपये रोख दिले. त्यांत काही शिष्यवृत्तीचे, काही दिवाळीच्या सुटीत कापूस वेचल्याचे. उरलेले तीन हप्त्यांत. वॉरंटी पहिल्या मालकापुरती होती, ती मला मिळाली नाही. पण हप्ते सुरू करण्यापूर्वी मी दादाकडे एक अट घातली, की कंपनीकडून दोन सुटे हँगर त्याने मागवून द्यावेत. तेलाचे ब्रेक काढून तारेचे डिस्क ब्रेक बसवले, त्याला मजुरीसह १,८०० रुपये लागले. कारण तार सेलूच्या कोणत्याही दुकानात मिळते. ट्यूबलेसचे औषध सुकले तेव्हा साधी ट्यूब घातली. पंक्चर वाढले, पण ते सोल्युशनने मला स्वतःला काढता येते. सायकल चालवणारा दादा हे बदल ऐकून थोडा नाराज झाला. त्याच्या मते मी चांगल्या सायकलचा खटारा केला. मला मात्र वाटते की रीपॅकवाल्या मुलांनीही जे जवळ होते त्यातूनच सायकल उभी केली होती.

चरखा संघाच्या अटींत ही सायकल बसते का? एका वर्षात दोन ट्यूब, ब्रेकचे गुटके आणि एक चेन मिळून १,३६० रुपये लागले. शेकडा पाच धरले तर ९५० व्हायला हवे होते. म्हणजे पहिल्याच वर्षी अट मोडली. बाबांच्या सायकलला त्याच वर्षात एकशे दहा रुपये लागले. हे मी लपवत नाही. मात्र जून ते ऑक्टोबरपर्यंत माझे एकूण पाच तास बुडाले, तेही नाल्याला पूर होता म्हणून. पूर आला तर कोणतीच सायकल जात नाही.

सध्या पुढच्या धक्काशोषकाच्या उजव्या नळीतून तेल झिरपते आहे. आतले रबरी सील बदलावे लागेल असे चाचा म्हणतात. त्यांनी आजवर तो उघडलेला नाही. दादाने कंपनीकडून भागांचा नकाशा मागवून दिला आहे, त्यावर नावे इंग्रजीत आहेत. ती मी चाचांना मराठीतून लिहून दिली. येत्या रविवारी आम्ही तो उघडणार आहोत.